चाक टेकण्याआधी

रत्नागिरीजवळ मिरजोळ्याच्या सड्यावर तटरक्षक दलाची धावपट्टी आहे. तिथं विमान उतरताना पाहणाऱ्याला वाटतं, चाकं टेकली की जिंकलं. मी काही वर्षं मुलांना छोटी विमानं चालवायला शिकवली. मला विचाराल, तर उतरणं बिघडतं ते चाकं टेकण्याआधीच. आणि पुष्कळदा इंजिन, हवा, सारं ठीक असताना.

सेसना १७२ हे शिकाऊंचं नेहमीचं विमान. उतरताना अखेरीस साधारण ६५ नॉट वेग हवा, म्हणजे ताशी १२० किलोमीटर. नवखा मुलगा 'असू दे थोडा हाताशी' म्हणून ७५ ठेवतो. पण जिरवायची ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. या दहा नॉटांनी ती एक तृतीयांशानं वाढली! शिवाय जमिनीलगत हवेचा विरोध कमी होतो. विमान बसतच नाही, तरंगत राहतं. धावपट्टी सरत चाललेली. मग तो नाक खाली दाबतो. पुढचं चाक आधी आपटतं, विमान उसळतं. तो पुन्हा दाबतो. दुसरी उसळी आणखी मोठी. हात दर वेळी क्षणभर मागे राहतो. अशात पुढच्या चाकाचा दांडा मोडतो आणि पंख्याची पाती जमिनीवर आपटतात.

उपाय साधा आहे. पूर्ण जोर द्यायचा, वर जायचं, फेरी मारून पुन्हा यायचं. जड जातं ते मनाला, कारण खाली मित्र बघत उभे असतात.

आमच्या भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी वाळू साचते. ओहोटीला होडी आत न घालता भरतीची वाट बघत बाहेर थांबणाऱ्या तांडेलाला कुणी भित्रा म्हणत नाही.

हे नवख्यांपुरतंच नाही. २२ मे २०१० रोजी मंगळूरला दुबईहून आलेलं बोइंग दरीत कोसळलं. १५८ माणसं गेली, आठ वाचली. कप्तानाच्या गाठीशी दहा हजारांवर तास होते. विमान फार उंचावरून, जास्त वेगानं येत होतं. सहवैमानिकानं परत वर जाण्याविषयी तीनदा सांगितलं, तरी कप्तान उतरलाच. चाकं टेकल्यावर, वेग रोखायला सुरुवात करून झाल्यावर, त्यानं पुन्हा उड्डाणाचा प्रयत्न केला. त्याऐवजी टेकताच उलटा जोर देऊन ब्रेक पूर्ण दाबले असते, तर विमान थांबलं असतं, असं चौकशीत निघालं.

एकट्यानं उडायला सोडण्याआधी मी मुलांचं एक उतरणं मुद्दाम मोडत असे. तेही अगदी छान जमून आलेलं. जमिनीपासून पन्नास फुटांवर म्हणायचं, 'वर!' मुलं चिडत. 'सर, एवढं चांगलं जमलं होतं!' मग पुढच्या फेरीलाही मी तेच म्हणत असे.

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)