कोलंबो ते गॉल : खिशाला परवडणारा परदेश

शनिवार-रविवारला जोडून एखादी सुट्टी आली की मित्रामित्रांचे किंवा मैत्रिणी-मैत्रिणींचे गोव्याचे बेत ठरतात. तेवढ्याच दिवसांत बसणारी, समुद्राकाठचीच, पण परदेशातली एक सहल आज मी तुम्हाला सुचवणार आहे. ती आहे श्रीलंकेची. मुंबईहून थेट विमानानं कोलंबो साधारण अडीच तासांवर आहे. घड्याळ बदलावं लागत नाही, कारण तिथली प्रमाणवेळ आपलीच. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिथे किनाऱ्याला अगदी खेटून रेल्वे धावते. कमी खर्चाची सहल या रेल्वेमुळेच शक्य होते, असं माझं ठाम मत आहे.

पैसे वाचवायचे म्हटलं की बहुतेक जण आधी स्वस्त खोली शोधायला लागतात. पण दोन रात्रींच्या मुक्कामात खोलीवर वाचून वाचणार किती? पैसा खरा जातो तो इकडून तिकडे जाण्यात. म्हणून सहल आखून देताना मी आधी नकाशावर बसची आणि रेल्वेची वाट बघते, हॉटेलं नंतर. ज्या गावाला टॅक्सीशिवाय पोचता येत नाही ते गाव कितीही सुंदर असलं, तरी तीन दिवसांच्या सहलीत घेऊ नये.

दुसरी गोष्ट क्रमाची. विमानतळ कोलंबोच्या उत्तरेला कटुनायकेला आहे, शहरापासून तीसेक किलोमीटरवर. बहुतेक लोक उतरल्यावर कोलंबोत मुक्काम करतात आणि शेवटच्या दिवशी लांबच्या गावाहून धावतपळत विमान गाठतात. याच्या उलट करा. आधी थेट दूरचं टोक गाठा आणि मग दर मुक्कामाला विमानतळाच्या जवळ सरका. म्हणजे पहिला मुक्काम गॉल, दुसऱ्या दिवशी कोलंबो, आणि शेवटची रात्र नेगोंबोला, विमानतळापासून दहाएक किलोमीटरवर. परतीच्या दिवशी गाडी उशिरा आली तरी जीव टांगणीला लागत नाही.

विमानतळावरून 187 क्रमांकाची बस कोलंबोच्या पेट्टा भागात आणून सोडते. तिथून फोर्ट रेल्वे स्थानक चालत जाण्याइतकं जवळ आहे. गॉलची गाडी इथून सुटते. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आतलं, वेळ अडीच ते तीन तास. आरक्षण नसलेलं दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्गाचं तिकीट खिडकीवर लगेच मिळतं, आणि ते काही शे श्रीलंकन रुपयांचं असतं. टॅक्सीवाला याच अंतराचे कित्येक हजार सांगतो. जाताना उजव्या हाताची खिडकी धरा, येताना डाव्या हाताची. समुद्र त्या बाजूला असतो, आणि काही ठिकाणी रूळ आणि लाटा यांच्यात काळ्या दगडांची एक रांग सोडली तर काहीच नसतं. कळुतरला नदी ओलांडताना पांढरा स्तूप दिसतो. दारात लोंबकळून फोटो काढणारे पर्यटक या गाडीत बरेच दिसतात. तुम्ही त्यांच्यात जाऊ नका.

हिक्कडुव येण्याच्या थोडं आधी पेरलिय नावाचं गाव लागतं. 26 डिसेंबर 2004 रोजी त्सुनामीची लाट आली तेव्हा ‘समुद्र देवी’ नावाची गाडी इथे उभी होती. पहिल्या लाटेनंतर आसपासचे गावकरीही आसऱ्यासाठी डब्यांपाशी आले, आणि पुढच्या लाटेनं डबेच्या डबे उचलून फेकले. दीड हजारांहून जास्त माणसं गेली. जगातला हा सर्वांत भीषण रेल्वे अपघात मानला जातो. ज्या रुळांवरून आपण समुद्र बघत जातो ते हेच. तेवढा टप्पा फोन खाली ठेवा, एवढंच माझं सांगणं आहे.

आता गॉल. क्रिकेटमुळे हे नाव आपल्या ओळखीचं आहे. मैदानाच्या मागे जो तट दिसतो तोच हा किल्ला. 1588 साली पोर्तुगीजांनी इथे तटबंदी घातली, 1640 मध्ये डचांनी ती जिंकून घेतली आणि पुरती नव्यानं बांधली, 1796 मध्ये इंग्रज आले. 1988 पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. जुन्या दरवाज्याच्या आतल्या अंगाला डच ईस्ट इंडिया कंपनीचं चिन्ह आणि 1669 हे साल कोरलेलं आहे, बाहेरच्या अंगाला इंग्रजांचं राजचिन्ह. याच डच कंपनीची वखार आपल्या वेंगुर्ल्यात होती आणि तिचे अवशेष आजही उभे आहेत. वेंगुर्ला बघितलेल्या माणसानं गॉल बघावं, म्हणजे हा व्यापार केवढ्या पल्ल्याचा होता याचा अंदाज येतो. आणि हा किल्ला ओस पडलेला नाही. आत घरं आहेत, शाळा, मशीद, देऊळ, चर्च, कचेऱ्या आहेत. 2004 च्या लाटेत बाहेरचं गाव आणि मैदान पाण्याखाली गेलं, पण या भक्कम तटांनी आतल्या वस्तीला बरंच वाचवलं.

किल्ल्यात फिरायला तिकीट नाही. संध्याकाळी दीपगृहापासून घड्याळाच्या मनोऱ्यापर्यंत तटावरून चालत जा. मुक्कामाला आतल्याच एखाद्या घरगुती गेस्ट हाऊसमध्ये खोली बघा. खाली घरमालक राहतात आणि वर दोन-तीन खोल्या असतात. तटाबाहेर खोली थोडी स्वस्त मिळेल, पण पहाटेचा किल्ला हुकेल. दोघी मैत्रिणी असाल तर अशा घरगुती जागेचा आधारही वाटतो.

दुसऱ्या दिवशी कोलंबोत सगळं बघायच्या फंदात पडू नका. पेट्टाचा बाजार, त्यातली 1909 ची लाल-पांढऱ्या विटांची मशीद आणि संध्याकाळी गॉल फेसचं समुद्राकाठचं मैदान, इथे फिरायला पैसे पडत नाहीत. पैसे देऊन एकच गोष्ट बघायची असेल तर राष्ट्रीय संग्रहालय बघा, आणि तिथे गॉलमध्ये 1911 साली सापडलेला शिलालेख शोधून काढा. चिनी दर्यासारंग झेंग ह यानं तो आणला होता. त्याच्यावर 1409 सालचा लेख आहे, तीन भाषांत. चिनीतला भाग बुद्धाला, तमिळमधला विष्णूच्या रूपातल्या स्थानिक देवाला आणि फारसीतला अल्लाला अर्पण केलेला. एका बंदरात उतरताना तिथल्या तिन्ही समाजांचा असा मान राखणारा दगड मला त्या सबंध संग्रहालयात सगळ्यात मोलाचा वाटतो.

नेगोंबो हे कोळ्यांचं आणि चर्चचं गाव. किनाऱ्यावर गोणपाटावर मासे वाळत घातलेले असतात. दुकानांच्या पाट्यांवर परेरा, सिल्वा, फर्नांडो अशी नावं दिसतात. वसईच्या श्रोत्यांना ती परकी वाटणार नाहीत.

खाण्याच्या बाबतीत कोकणातल्या माणसाला तिथे घरच्यासारखं वाटेल. नारळ, तांदूळ, मासे, कढीपत्ता. दुपारी ‘राइस अँड करी’ घ्या. भाताबरोबर तीन-चार भाज्या, डाळ आणि मागाल तर मासा, आणि पोट भरतं. रात्री तव्यावर खणखणाट करत केलेला कोत्तू खा. शाकाहारी मंडळींनी मात्र जपावं. तिथल्या नारळाच्या चटणीत, म्हणजे पोळ संबोलमध्ये, आणि पुष्कळ भाज्यांतही सुक्या माशाचा चुरा, म्हणजे उंबलकड, घालतात, आणि त्यांच्या लेखी तो मांसाहार नसतो. ‘उंबलकड नको’ असं स्पष्ट सांगा, किंवा पाटीवर ‘शैव’ लिहिलेलं तमिळ हॉटेल शोधा. तिथे इडली-डोशापासून सगळं शुद्ध शाकाहारी मिळतं.

आता सोबतीविषयी. मित्र कितीही जवळचा असला तरी निघण्याआधी अर्धा तास समोरासमोर बसा आणि दोन गोष्टी बोलून घ्या : रोजचा खर्च किती, आणि पहाटे उठायचं की नाही. टीटीएमएम, म्हणजे तुझं तू माझं मी, हा प्रकार तिकिटांपुरता ठीक आहे. रिक्षा, पाणी, चहा यांत तो चिडचिड वाढवतो. दोघांनी सारखी रक्कम एका पाकिटात टाकावी, सगळे सामायिक खर्च त्यातून करावेत, पाकीट एकानं सांभाळावं. आणि दुपारचे दोन तास एकमेकांना सुटे द्यावेत. एकाला संग्रहालय बघायचं असेल, दुसऱ्याला झोपायचं असेल, यात कुणी कुणावर रुसण्याचं कारण नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. प्रवेशाची ऑनलाइन परवानगी श्रीलंका सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. तसलीच दिसणारी खासगी संकेतस्थळं जास्तीचे पैसे उकळतात. नियम आणि शुल्क बदलत असतात, तेव्हा तिकीट काढण्याच्या दिवशी पुन्हा वाचा. विमानाचं भाडं बघताना सामानाचे पैसे धरून तुलना करा. सात किलोची पाठपिशवी या सहलीला पुरते. कार्डानं पैसे देताना यंत्र ‘भारतीय रुपयांत की स्थानिक चलनात’ असं विचारतं, तेव्हा स्थानिक चलन निवडा, नाहीतर दर महाग लागतो.

नैऋत्य किनाऱ्याला डिसेंबर ते मार्च हे दिवस चांगले. मे ते सप्टेंबर आपल्यासारखाच पाऊस आणि खवळलेला समुद्र असतो, त्या दिवसांत पाण्यात उतरू नका. पौर्णिमेला तिथे ‘पोया’ची सरकारी सुट्टी असते. गाड्यांना गर्दी होते आणि दारूची विक्री बंद असते, म्हणून तारखा ठरवताना कॅलेंडर बघा. विहारात जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढू नये. तिथल्या लोकांना ते मनापासून लागतं.

शेवटच्या सकाळी पाकिटात उरलेले श्रीलंकन रुपये मोजा. ते भारतात बदलून मिळणं अवघड जातं, म्हणून नेगोंबोच्या बाजारातच त्यांची दालचिनी घ्या. दोघांत सारखी वाटून.