स्कार्लेटचा कापूस, खामगावचा कापूस



1861च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि तिथला कापूस इंग्लंडला पोचेनासा झाला. लँकेशायरच्या गिरण्या ओस पडू लागल्या. आपला कापूस आखूड धाग्याचा म्हणून तिथले गिरणीवाले एरवी नाक मुरडत. आता त्याच्याशिवाय गत्यंतर उरलं नाही. भाव तिपटी-चौपटीने चढले आणि वऱ्हाडाच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. 1865 साली युद्ध संपलं, भाव कोसळले, मुंबईत कित्येक पेढ्या बुडाल्या. पण वऱ्हाडातल्या खामगावची कापसाची पेठ टिकली. 1870 मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत खास फाटा टाकून रेल्वे आणली, तीही मुख्यतः याच कापसासाठी. तिच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते.

ज्या युद्धाने आपल्याकडे पैसा आणला, त्याच युद्धात तिकडचं एक कापसाचं घर कसं उद्ध्वस्त झालं, हे मार्गारेट मिचेल यांच्या ‘गॉन विथ द विंड’ या कादंबरीत आहे. ती 1936 साली आली, पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं. आपल्या जिल्ह्यात ती आवर्जून वाचली जावी असं मला मनापासून वाटतं.

नायिका स्कार्लेट ओहारा सोळा वर्षांची, जॉर्जिया प्रांतातल्या ‘टारा’ नावाच्या मळ्याची लाडकी लेक. तिचं मन ॲशली विल्क्सवर जडलेलं, आणि तो लग्न करतो मेलनीशी. पुढे युद्ध दारात येतं. आई जाते, वडिलांचं भान हरपतं, कोठार रिकामं होतं. तेव्हा ही लाडकी लेक स्वतः शेतात उतरून कापूस वेचते. वेचणीला सीतादहीच्या पूजेने सुरुवात करणाऱ्या आपल्या आयाबहिणींना ही पानं वेगळी समजावून सांगावी लागणार नाहीत. बोंडाची वाळलेली टोकं बोटांत घुसतात, कंबर धरते, ओटीचं ओझं वाढत जातं. आणि एवढ्या कष्टाने वेचलेला तो थोडासा कापूसही शत्रूचे सैनिक येऊन जाळतात.

युद्धानंतर टारावर तीनशे डॉलरचा कर बसतो. जमीन वाचवायला स्कार्लेट खिडकीचे मखमली पडदे उतरवून त्यांचा झगा शिवून घेते आणि रेट बटलरला भेटायला अटलांटाच्या तुरुंगात जाते. नाकेबंदी चुकवून जहाजं नेणारा, त्या धंद्यात गब्बर झालेला हा माणूस. ती अशी बोलते की जणू तिचं सगळं मजेत चाललंय, केवळ त्याच्या ओढीने ती आलीय. तो तिचा हात हातात घेतो, तळवा उलटा करतो आणि घट्टे पाहतो. प्रेमाचं सोंग तिथेच गळून पडतं. पैसा आणि प्रेम यांच्यातली गाठ इतक्या नेमकेपणाने दाखवणारा दुसरा प्रसंग मी वाचलेला नाही.

रेटकडून पैसे मिळत नाहीत, तेव्हा ती सख्ख्या बहिणीचा ठरलेला नवरा फ्रँक केनेडी पळवते. लोक तिला स्वार्थी म्हणतात. मी म्हणणार नाही. आपल्याकडे आजही कापूस विकला गेल्याशिवाय मुलीच्या लग्नाची तारीख निघत नाही आणि शेती करतो म्हणून चांगल्या मुलाला मुलगी मिळत नाही. भावाचा आकडा संसाराच्या किती आत शिरतो, हे कास्तकाराच्या घराला ठाऊक असतं. उपाशी राहिलेल्या मुलीने जमीन धरून ठेवली, यात मला पाप दिसत नाही. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. पुढे पोट भरल्यावरही तिची भीती जात नाही. लाकडाच्या गिरणीत ती भाड्याने आणलेले कैदी राबवते, त्यांचे हाल दिसत असूनही नजर फिरवते. त्याच भीतीने ती पुढे तिचा नवरा झालेल्या रेटचं प्रेमही ओळखत नाही. वर्षानुवर्षं ॲशलीच्या मागे धावून अखेर तिला ते उमगतं, तेव्हा रेट सामान बांधून निघालेला असतो.

मग ती माहेरी, टाराला जायचं ठरवते. तिथे तिची मॅमी आहे. स्कार्लेटच्या आईच्या वेळेपासून या कुटुंबात गुलाम म्हणून राबलेली, तिला तान्हेपणापासून वाढवलेली कृष्णवर्णीय बाई. मिचेल यांनी दक्षिणेतली गुलामगिरी फार गोड करून रंगवली आहे, आणि या कादंबरीवरचा माझा सर्वांत मोठा आक्षेप तोच आहे. टाराचा कापूस वर्षानुवर्षं ज्यांनी वेचला, त्यांना त्यातलं काहीच मिळालं नाही. एवढ्या मोठ्या पुस्तकात स्कार्लेटच्या मनात काय चाललंय ते पानोपानी कळतं. मॅमीला स्वतःसाठी काय हवं होतं, हे कुणी तिला एकदाही विचारत नाही.