नाणे जुन्या राजाचे, ठसा नव्या सरकारचा
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



देश स्वतंत्र झाला म्हटले की डोळ्यांसमोर झेंडा येतो. पण दुसऱ्या दिवशी बाजार भरतो आणि बाजारात मोड लागते. ती आणायची कुठून? टांकसाळ एका रात्रीत उभी राहत नाही.

मध्य अमेरिकेतले प्रांत १८२१ साली स्पेनच्या राज्यातून बाहेर पडले. पुढे त्यांनी संघराज्य स्थापले आणि १८२४ पासून स्वतःची नाणी पाडली. एका बाजूला पाच डोंगर आणि उगवता सूर्य, दुसऱ्या बाजूला झाड. नाणे देखणे होते, पण गरजेला पुरेसे नव्हते. संघराज्यही फार टिकले नाही. १८३८ च्या सुमारास ते मोडू लागले.

लोकांच्या गाठीला मात्र स्पॅनिश अमलातली जुनी चांदी होती. तिला 'माकुकिना' म्हणत. चांदीचे तुकडे तोडून, वजन जुळवून, हातोड्याने ठोकलेली ही वेडीवाकडी नाणी. धड गोल नसल्यामुळे कुणी कडा कातरली तरी पटकन कळत नसे. आपल्याकडे झिजलेल्या रुपयाला सराफ बट्टा लावत, तसाच घोळ. मग ग्वाटेमालाच्या सरकारने सोपा उपाय केला. त्याच नाण्यांवर सूर्य आणि ज्वालामुखीचा छोटा ठसा मारला आणि ती चलनात ठेवली.

कोस्टा रिकाने तर इंग्रजांची नाणीही सोडली नाहीत. तिथली कॉफी ब्रिटनला जाई आणि मोबदल्यात शिलिंग येत. १८४९ पासून व्हिक्टोरिया राणीच्या मुखवट्याच्या नाण्यांवर सिंहाचा ठसा बसू लागला. भोवती स्पॅनिश अक्षरे होती. अर्थ असा, की 'सरकारने चलनास पात्र ठरवलेले'.

गंमत म्हणजे याच शब्दाचा वापर उलट बाजूनेही झाला होता. फिलिपिन्स तेव्हा स्पेनकडेच होते. व्यापारातून मनिलात मेक्सिको, पेरू या बंडखोर देशांची नाणी येऊ लागली. मेक्सिकोच्या नाण्यावर तर ठळक अक्षरांत 'स्वातंत्र्य' असा शब्द. तो प्रजेने वाचावा कसा? पण चांदीवाचून अडत होते. म्हणून १८२८ साली त्या नाण्यांवर दोन्ही बाजूंनी मोठा ठसा मारण्यात आला : 'राजा सातवा फर्डिनंड याने पात्र ठरवलेले'. पुढे हा ठसा लहान झाला. स्पेनने १८३६ अखेर मेक्सिकोला मान्यता दिली आणि १८३७ मध्ये ठसे मारणे थांबले.

दोन्हीकडे चांदी तीच, वजनही तेच. वाद होता तो नाणे 'पात्र' ठरवण्याचा अधिकार कुणाचा, याचा. व्यापाऱ्याला नक्षीशी कर्तव्य नव्हते. उद्या सरकारी तिजोरीत करापोटी हेच नाणे घेतील ना, एवढेच त्याला हवे होते. ठसा म्हणजे त्या प्रश्नाला दिलेले उत्तर. सरकार शब्दाला जागले तर ठशाला किंमत, नाहीतर उरते नुसती चांदी.

आपणही हे अनुभवले आहे. सहाव्या जॉर्जचे नाणे आपल्याकडे १९४७ नंतरही चालू होते. प्रजासत्ताकाची स्वतःची नाणी आली ती १९५० साली. पाकिस्तानात तर १९४८ मध्ये आपल्याच रिझर्व्ह बँकेच्या नोटा, वर 'पाकिस्तान सरकार' अशी अक्षरे छापून वापरल्या गेल्या.

तेव्हा घरातल्या जुन्या डब्यात एखादे ठसा मारलेले नाणे सापडले, तर ते खराब झाले असे समजू नका आणि चिंच लावून घासूही नका. आधी जाणकाराला दाखवा, कारण खोटे ठसेही मारले जातात. ठसा खरा असेल, तर एखाद्या सरकारची अडचण आणि तिने दिलेला शब्द, दोन्ही तुमच्या तळहातावर असतील.