कळपाचे गणित



माणदेशात येऊन मेंढरांविषयी बोलावयाचे म्हणजे धाडसच! मेंढरू कसे वागते हे येथले पोरही जाणते. ते तसे का वागते, याचा हिशेब गणिताने मांडता येतो, एवढेच मला सांगावयाचे आहे.

लांडग्याची चाहूल लागली की पांगलेला खांडवा क्षणात एकवटतो. कोणी याला एकी म्हणेल, कोणी मूर्खपणा. विल्यम हॅमिल्टन या इंग्रज जीवशास्त्रज्ञाने 1971 साली निराळेच उत्तर दिले. तळ्याच्या काठाने बेडूक बसले आहेत आणि पाण्यात साप आहे, अशी कल्पना करा. साप कोठेही डोके वर काढील आणि सर्वांत जवळचा बेडूक गिळील. मग एका बेडकाच्या वाट्याला धोक्याचा काठ किती? डाव्या शेजाऱ्यापर्यंतचे निम्मे अंतर, अधिक उजव्यापर्यंतचे निम्मे. म्हणून जो तो दोन बेडकांमधली अरुंद फट शोधून तीत उडी घेतो, आणि अखेरीस बेडकांचे ढीग होतात. पुढारी नाही, हुकूम नाही, आणि शेजारप्रेम तर मुळीच नाही!

हे कागदावरचे झाले. परंतु 2012 साली संशोधकांनी मेंढरांच्या पाठीवर ठिकाण टिपणारी यंत्रे बांधून कुत्रा सोडला, तेव्हा प्रत्येक मेंढरू कळपाच्या मध्याकडे धाव घेताना आढळले. पुढे 2014 साली हाकणाऱ्याचेही गणित झाले. त्यात नियम दोनच: कळप विसकटला तर बाहेर पडलेल्याला वळवून आणा, एकवटला की मागून हाका. एवढ्यावर संगणकातली मेंढरे मुक्कामी पोहोचली. आमचा धनगर हे कोणत्या विद्यापीठात शिकला, कोण जाणे!

आता आपल्या कामाची गोष्ट. लांडगा बहुधा काठावरचे जनावर धरतो. गोल, सारख्या दाटीच्या कळपात 100 मेंढरे असतील, तर सुमारे 35 काठावर येतात. 400 असतील तर 140 नव्हे, सुमारे 70च. कारण संख्या चौपट झाली तरी घेर दुपटीनेच वाढतो. मोठा कळप लांडग्याला लांबून दिसतो, हे खरे. तो हिशेब या मांडणीत धरलेला नाही. तरीही चार बिऱ्हाडे मेंढरे एकत्र करून वाटेला लागतात, त्यात हे शहाणपण आहे. पडीक राने नांगराखाली गेली, एका जागी चारा पुरेना, आणि त्याच 400 मेंढरांचे चार कळप करावे लागले, तर काठावर 70 ऐवजी 140 मेंढरे उभी राहतील. राखणीला माणसे मात्र तेवढीच.