माकडताप : एक रोग, तीन खाती



१९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या अरण्यात ओळखला गेलेला रोग २०१५ साली गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ साली दोडामार्गात आढळला. आपण त्यास ‘माकडताप’ म्हणतो. वस्तुतः माकड स्वतःच त्याला बळी पडते. माणसास रोग जडतो तो गोचिडीच्या दंशाने. शासनव्यवहारात मात्र मेलेले माकड वनखात्याचे, गोचीड पशुसंवर्धनाची आणि ताप आरोग्यखात्याचा! रानात पडलेले माकड ही गावाला मिळालेली पूर्वसूचना होय. ती तिन्ही खात्यांस त्याच दिवशी कळावी, हा धोरणाचा प्रारंभ असावा. काजूच्या हंगामात रानात शिरणाऱ्या मजुराला फाइलीच्या प्रवासाइतकी उसंत नसते.