संगणक क्षेत्रातील ‘अ‍ॅजाइल’ कार्यपद्धती आणि आपले विद्यार्थी
(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या वस्त्यांतील मुले-मुली आज इंजिनिअर होऊन, बी.सी.एस., एम.सी.ए. करून हिंजवडी, खराडी, ऐरोलीच्या कंपन्यांत जात आहेत. आईवडिलांनी गिरणीत, रेल्वेत, नगरपालिकेत नोकऱ्या केल्या, त्यांचे हे फळ आहे. परंतु कॉलेजात संगणकाची भाषा शिकवतात, कामाची पद्धत शिकवत नाहीत. मुलगा पहिल्या दिवशी कामावर जातो आणि त्याच्या कानावर स्प्रिंट, स्क्रम, बॅकलॉग, स्टँडअप असे शब्द पडतात. शेजारच्या मुलाचा मोठा भाऊ त्याच क्षेत्रात असतो, त्याला ते घरीच ठाऊक झालेले असतात. आपल्या मुलाला विचारायला कोणी नसते. म्हणून आज हाच विषय घेतला आहे.

पूर्वी सॉफ्टवेअर इमारतीसारखे बांधावे अशी समजूत होती. आधी सगळ्या गरजा लिहून काढायच्या, मग आराखडा, मग प्रोग्राम, शेवटी तपासणी. विन्स्टन रॉइस यांनी १९७० साली या पायऱ्यांचे चित्र आपल्या लेखात काढले आणि असे सरळ खाली उतरत जाणे धोक्याचे आहे, असेही त्याच लेखात लिहिले. लोकांनी चित्र उचलले, इशारा तसाच राहिला. इमारतीचा उपयोग सर्वांना आधीच माहीत असतो. सॉफ्टवेअरचे तसे नसते. वापरणाऱ्याला आपल्याला काय हवे आहे, हे पुष्कळदा पडद्यावर काही दिसल्यावरच कळते.

याचे मोठे उदाहरण अमेरिकेच्या एफ.बी.आय. या तपास यंत्रणेचे आहे. गुन्ह्यांची कागदी प्रकरणे संगणकावर आणण्याचे त्यांचे काम २००१ मध्ये सुरू झाले. गरजांचा दस्तऐवजच आठशे पानांवर गेला. २००५ साली ते काम गुंडाळावे लागले, तोवर सुमारे १७ कोटी डॉलर खर्च झाले होते. २००६ साली ‘सेंटिनल’ या नावाने नवे काम एका बड्या कंपनीला दिले. ४५ कोटी डॉलरची तरतूद होती. २०१० पर्यंत त्यातील ४० कोटींच्या आसपास रक्कम संपली आणि चार टप्प्यांपैकी दोनच हाती आले. मग एफ.बी.आय.ने काम स्वतःकडे घेतले, माणसे बरीच कमी केली आणि दोन-दोन आठवड्यांचे तुकडे पाडले. प्रत्येक तुकड्याअखेर चालू स्थितीतील भाग दाखवायचा, असा दंडक ठेवला. वेळापत्रक तरीही लांबले, हे सांगितले पाहिजे. पण जुलै २०१२ मध्ये सेंटिनल सर्वांच्या वापरात आले. आम्हाला या उदाहरणात पैशापेक्षा एक गोष्ट महत्त्वाची वाटते. चूक पाच वर्षांनी कळणे आणि पंधरा दिवसांनी कळणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

ही पद्धत एकाच्या डोक्यातून निघालेली नाही. टाकेउची आणि नोनाका या जपानी प्राध्यापकांनी १९८६ साली एका लेखात नवे उत्पादन घडवणाऱ्या गटाची तुलना रग्बीच्या संघाशी केली. ‘स्क्रम’ हा शब्द तिथला. जेफ सदरलँड आणि केन श्वाबर यांनी १९९५ मध्ये स्क्रमची मांडणी केली. केंट बेक यांनी क्रायस्लर मोटार कंपनीच्या पगारपत्रकाच्या कामावर ‘एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग’ घडवले. कानबान हा शब्द टोयोटाच्या कारखान्यातून आला. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड येथे सतरा जण जमले आणि त्यांनी ‘अ‍ॅजाइल’ हे नाव घेऊन एक छोटा जाहीरनामा काढला. (सतराही पुरुषच होते, हेही भगिनींनी लक्षात ठेवावे.) त्याचा आशय आमच्या शब्दांत असा : कागदपत्रे, करार, नियोजन या गोष्टी हव्यातच, पण माणसांचा आपसातील संवाद, चालणारे सॉफ्टवेअर, ग्राहकाचा सहभाग आणि बदल स्वीकारण्याची तयारी यांना अधिक मोल द्यावे.

आता हे प्रत्यक्षात कसे चालते? समजा, आपल्या संस्थेला शिष्यवृत्तीचे अर्ज मोबाइलवर घ्यायचे आहेत. जुन्या पद्धतीने आपण वर्षभर बसून अर्ज, छाननी, मंजुरी, बँकेत पैसे जमा करणे, अहवाल असे सगळे एकदम करू. नव्या पद्धतीत आधी कामांची यादी करायची. तिला बॅकलॉग म्हणतात. यादी महत्त्वाच्या क्रमाने लावायची आणि हा क्रम ठरवणारी एकच व्यक्ती असावी, तो प्रॉडक्ट ओनर. पहिल्या पंधरा दिवसांच्या स्प्रिंटमध्ये एवढेच करायचे : विद्यार्थ्याने नाव, वर्ग, गुण भरावेत, कागद जोडावेत आणि अर्ज पोहोचल्याचा संदेश त्याला मिळावा. बस्स. मग तो पाच खऱ्या विद्यार्थ्यांच्या हाती द्यायचा आणि आपण गप्प बसून पाहायचे. एक मुलगी जात वैधता प्रमाणपत्राच्या रकान्यापाशी अडेल. प्रमाणपत्र अजून मिळालेले नाही, समितीकडे अर्ज केल्याची पावती तेवढी तिच्याकडे आहे. रकाना भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. हे कार्यालयात बसून कोणालाही सुचले नसते. पंधरा दिवसांत कळले म्हणून दुरुस्ती दोन तासांची. वर्षाने कळले असते, तर कितीतरी मुलींचे अर्ज परत गेले असते, आणि दोष त्यांच्यावरच आला असता.

मात्र वारंवार बदल करायचा तर आधीचे मोडता कामा नये. यासाठी चाचण्यासुद्धा प्रोग्राम म्हणून लिहितात. प्रत्येक बदलानंतर त्या आपोआप चालतात. गटातील सर्वांचे काम रोजच्या रोज एकत्र जोडतात. नवख्याने जाणत्याबरोबर एकाच संगणकावर बसून काम करण्याचीही रीत आहे. ती संधी मिळाली तर सोडू नका, पुस्तकात नाही ते तिथे मिळते. विद्यार्थ्यांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे, स्क्रमची प्रमाणपत्रे मागाहून घ्या, चाचणी लिहायला आधी शिका. बैठका घेणारे पुष्कळ आहेत.

रोजची बैठक पंधरा मिनिटांची असते. काल काय झाले, आज काय करणार, अडचण काय आहे, एवढेच बोलायचे. ऐकायला सोपे आहे, पण आमची चिंता इथेच आहे. शाळेत प्रश्न विचारला की हशा व्हायचा, म्हणून आपली कित्येक मुले गप्प राहायला शिकली. मराठी माध्यमातून आलेल्याला इंग्रजीचा धाक असतो. ‘कोट्यातून आलेला’ ही कुजबूज कानावर पडेल म्हणून तो अडचण सांगतच नाही, रात्री जागून एकटाच झगडतो. स्प्रिंट कामाच्या दहा दिवसांचा. त्यातले तीन दिवस अडचण लपवण्यात गेले तर सगळ्या गटाचे काम अडते. या पद्धतीत अडचण सांगणे हे कामच आहे. तीन वाक्ये आदल्या रात्री लिहून ठेवा. इंग्रजी मोडके असले तरी चालेल, मजकूर नेमका असावा.

स्प्रिंटच्या शेवटी रेट्रोस्पेक्टिव्ह नावाची बैठक होते. काय जमले, काय बिघडले, पुढे काय बदलायचे, हे सर्वांनी मोकळेपणाने बोलायचे. ही कल्पना ऐकून आम्हाला भिक्खुसंघाची पवारणा आठवते. वर्षावास संपला की ज्येष्ठ भिक्खूपासून प्रत्येक जण संघाला विनंती करतो की माझा दोष पाहिला असेल, ऐकला असेल किंवा तशी शंका असेल, तर करुणेने सांगा. ज्येष्ठाने आधी विनंती करायची, हे त्यातील मर्म आहे. विनयाचे नियमसुद्धा आधी बसून लिहिलेले नाहीत. प्रसंग घडला तसा नियम झाला आणि अडचण दिसली तशी त्यात दुरुस्ती झाली. यावरून अ‍ॅजाइल बुद्धधम्मातून निघाले असे कोणी सांगेल, तर आम्ही त्यास मान्यता देणार नाही. तसा पुरावा नाही. पण साहेबाने आधी स्वतःचा दोष विचारायचा, एवढे कंपन्यांनी संघाकडून जरूर घ्यावे. जिथे रेट्रोत खरे बोललेला माणूस वर्षाअखेरच्या मूल्यमापनात मागे पडतो, तिथे ती बैठक नाटक होते.

गट स्वतःचे काम स्वतः ठरवतो, असे ही पद्धत म्हणते. परंतु गटात जात शिरली की काय होते? २०२० साली कॅलिफोर्निया राज्याच्या खात्याने एका दलित अभियंत्याशी जातीय भेदभाव केल्याबद्दल तिथल्या मोठ्या कंपनीवर खटला भरला. कंपनीने आरोप नाकारले. २०२३ साली सिअ‍ॅटल शहराने जातीय भेदभावाला कायद्याने बंदी केली, अमेरिकेतले असे ते पहिले शहर. कार्यपद्धतीने माणूस आपोआप सुधारत नाही. म्हणून तुमचे बोलणे नोंदीवर आधारलेले ठेवा. कोणते काम, कोणत्या तारखेला, कोणती चाचणी, हे लिहिलेले असू द्या. नोंद असली की आवाज चढवावा लागत नाही.

कामाच्या तासांबद्दलही बोलले पाहिजे. कायम पेलवेल अशाच वेगाने काम करावे, हे जाहीरनाम्याच्या तत्त्वांतच आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते सांभाळत होते आणि १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. आज वातानुकूलित खोलीत बसून पन्नास-साठ तास काम करणाऱ्या मुलाला हे कोणी सांगत नाही. प्रत्येक स्प्रिंटमध्ये मागच्यापेक्षा जास्त आकडा हवा म्हणून रात्र-रात्र बसवणे, याला कोणी अ‍ॅजाइल म्हणत असेल तर ते नाव वरवरचे आहे. त्या सतरांपैकी डेव्ह थॉमस यांनी २०१४ साली लिहिले की या शब्दाचा अर्थच उरलेला नाही. आम्ही इतके टोकाला जात नाही, पण त्यांची तक्रार रास्त आहे.

शिष्यवृत्ती अर्जाचे उदाहरण आम्ही मुद्दाम घेतले. शेवटच्या वर्षाच्या चार-पाच जणांनी ते खरोखरच हाती घ्यावे. यादी आज करता येईल. पहिला भाग पंधरा दिवसांत होईल आणि तो पाहायला कार्यकारिणीचे सभासद बसतील, असे अध्यक्षांनी आताच मान्य केले आहे. कोण कोण येणार, ते हात वर करून सांगा. मग प्रश्न घेऊ, आणि पहिला प्रश्न मागच्या रांगेतून आला तर आम्हाला आनंद होईल.

जयभीम.