एकत्र करण्याआधी शेजारी ठेवा
(वार्षिक समारंभात केलेले भाषण)



मी इतिहास आणि मराठी शिकवणारा शिक्षक. संगणकावर बोलण्याचा मला अधिकार काय, अशी शंका आपल्या मनात येईल आणि ती रास्तच आहे. पण दिवाळीच्या सुटीत एक माजी विद्यार्थी घरी आला, आणि त्याच्या अडचणीवरून मला माझीच एक चूक आठवली.

हा मुलगा चाकणला यंत्रांचे नियंत्रक बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात आहे. त्यांच्या नियंत्रकात लिनक्स चालते. लिनक्सचा मूळ प्रोग्राम कोणालाही वाचता येतो, बदलता येतो. यांची चिप निराळी, म्हणून यांनी स्वतःपुरते बदल करून वेगळी प्रत ठेवली. मूळ लिनक्सची नवी आवृत्ती मात्र साधारण ९-१० आठवड्यांनी निघते, आणि दर वेळी यांना आपले बदल पुन्हा बसवावे लागतात. तो म्हणाला, "सर, आम्ही मागे पडत चाललो. मालक म्हणतात, सगळे बदल एकदम मूळ प्रकल्पाकडे पाठवून मोकळे होऊ."

'एकदम' हा शब्द ऐकला आणि मी दचकलो. एका वर्षी उर्दू व मराठी माध्यमांच्या गुणांच्या दोन याद्या मी संगणकावर एक केल्या होत्या, आणि त्याच बैठकीत नावांचे स्पेलिंग, हजेरी क्रमांक, राहिलेले गुण हेही दुरुस्त केले. नंतर काही मुलांचे गुण चुकीचे निघाले. चूक जोडताना झाली की दुरुस्त करताना, हे मला सांगता येईना! दहावीच्या मुलांचे गुण होते. दोन रात्री पुन्हा मूळ याद्यांशी ताडत बसलो.

लिनक्सवाल्यांनी हेच काम कसे केले, ते त्या मुलाने सांगितले. १९९१ साली फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स याने इंटेलच्या ३८६ चिपसाठी लिनक्स लिहिले. पुढे ६४ बिटांच्या चिप आल्या, तेव्हा त्यांच्यासाठी बराचसा भाग नकलून वेगळे दालन केले. मग एकीकडची दुरुस्ती दुसरीकडे करायची राहून जाऊ लागली. २००७ मध्ये थॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोल्नार यांनी दोन्ही एक करण्याची योजना मांडली. ६४ बिटांचा भाग सांभाळणारे अँडी क्लीन यांचा विरोध होता. जुन्या यंत्रांचे ओझे नव्या स्वच्छ भागावर कशाला, असे त्यांचे म्हणणे. मला ते अगदीच चुकीचे वाटत नाही.

योजनेतली पहिली पायरी मला फार आवडली. आधी फक्त जागा बदलायची. दोन्हीकडच्या फायली एका दालनात आणून नावापुढे ३२ किंवा ६४ लिहायचे, आतले काही सुधारायचे नाही. एकीकरण त्यानंतर, एकेक फाईल घेऊन. जिथे खरेच फरक आहे तिथे तो राहू द्यायचा. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी मिळून एक नगरपालिका झाली, म्हणून भोसरीची भोसरी राहिली नाही असे थोडेच आहे? जानेवारी २००८ च्या आवृत्तीत ते एकत्र दालन आले. फायली जुळवण्याचे काम पुढेही चालूच राहिले.

विद्यार्थ्यांनो, लहान पायऱ्यांचा हिशेब पाहा. १००० बदलांत कोठेतरी बिघाड आहे. मधल्या, म्हणजे ५०० व्या बदलापर्यंतचा प्रोग्राम चालवून पाहा. ठीक चालला तर दोष पुढच्या अर्ध्यात. पुन्हा त्याचे अर्धे करा. १० चाचण्यांत दोषी बदल सापडतो, कारण २ चा १० वा घात १०२४. मात्र प्रत्येक पायरीवर प्रोग्राम चालता हवा. सगळे एकाच गठ्ठ्यात दिले, तर अर्धे कशाचे करणार?

मग आम्ही दोघांनी त्याची यादी केली. सर्वांच्या उपयोगाच्या दुरुस्त्या आधी, चिपचे वर्णन नंतर, एकेक भाग चालवणारे प्रोग्राम शेवटी. हे पुढे कोण सांभाळणार, त्याचे नाव ठरवायचे. प्रत्येक बदलाखाली पाठवणाऱ्याला नावाने लिहून द्यावे लागते की हे देण्याचा मला हक्क आहे. त्यासाठी मालकांची लेखी संमती हवी, हे त्याच्या ध्यानातच नव्हते. "किती दिवस लागतील, सर?" त्याने विचारले. यंत्र ठरल्या क्षणी हललेच पाहिजे, यासाठीचे लिनक्समधील बदल मूळ प्रकल्पात पुरते यायला सुमारे २० वर्षे लागली. ते काम २०२४ मध्ये पुरे झाले, हे त्यानेच मला आधी सांगितले होते. मी त्याला तेवढी आठवण करून दिली. हसला बिचारा.

मागच्या महिन्यात त्याने पहिल्या तीन दुरुस्त्या पाठवल्या. एक स्वीकारली गेली. दुसरी आणखी लहान करून मागितली आहे. तिसरीवर एका अनोळखी परदेशी माणसाने दोन पाने भरून चुका दाखवल्या आहेत, आणि सध्या तो रात्री बसून त्यांना उत्तर लिहितो आहे.